पाठीवरचं पिवळं पाऊल

आधी चहाचा कप खाली ठेवा. नाहीतर हसताना चहा नाकातून येईल आणि दोष मला द्याल. कारण मी जो घोळ घालून ठेवलाय ना, तसा आमच्या सात पिढ्यांत कुणी घातला नसेल!

तर माझ्या भाचीचं, पूजाचं लग्न ठरलं. आमच्याकडं रीत अशी, की मामानं नवरीला उचलून मांडवात आणायचं. आजकाल बरेच मामा नुसता हात धरून आणतात. पण मी ऐकतोय होय? साखरपुड्याच्या पंगतीत उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोलून बसलो, "पूजाचा पाय जमिनीला लागू देणार नाही!"

टाळ्या पडल्या. मग मी पूजाकडं नीट बघितलं. पोरगी पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज पळते, जोर मारते, दंड बघाल तर माझ्या मांडीएवढा. आणि मी? बजाजनगरात राहतो, कंपनीच्या बसनं जातो, दिवसभर खुर्चीत बसतो आणि बसनंच परत येतो.

म्हटलं, सराव केलेला बरा. हळदीच्या दिवशी सकाळीच हर्सूलला अक्काच्या घरी पोचलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पूजाची आई. ओसरीत गव्हाचा कट्टा दिसला, चांगलं गच्च भरलेलं पोतं. कुणी बघत नाही असं पाहून दोन्ही हातांवर घेतला, अगदी नवरीसारखा. कट्टा आला वर, आणि कंबरेत अशी चमक निघाली म्हणता! कट्टा खाली पडला, मी मात्र वाकलो तो वाकलोच.

"अक्के, मेलो गं!"

"उद्या लग्न झाल्यावर मर," अक्का आतून म्हणाली. "आत्ता लई कामं हायेत."

बाहेर येऊन बघितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. उद्या पोरीला कोण उचलणार? पण अक्का हार मानणाऱ्यातली नाही.

"उसण भरली व्हय? मग रडतो कशाला? आपली पूजा पायाळू हाय की!"

पायाळू म्हणजे माहीत आहे ना? जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेलं माणूस. त्याची लाथ बसली की कंबरेची उसण पळते, असं आमच्याकडं मानतात. तसा पाय नुसता हळूच लावायचा असतो म्हणे. हे 'म्हणे' मला नंतर कळलं!

"अगं, पण भाचीनं मामाला लाथ मारायची?"

"लाथ कुठं? औषध हाय ते. शर्ट वर कर अन् पालथा पड."

पूजा हळदीच्या पाटावरून तशीच उठून आली. तोंडाला, हातांना, पायांना हळद. मला म्हणाली, "मामा, हळू मारू का जोरात?"

"जेवढी माया आहे तेवढी मार," मी म्हणालो. हे वाक्य मी या जन्मात परत बोलणार नाही.

काय सांगू, भरदिवसा तारे दिसले! पोरीची माया तरी किती असावी?

"आता कुणाला सांगू नको," अक्कानं दम दिला. "सांगितलं की गुण जातो."

गुण आलाच नव्हता, तो जाणार कुठं? शेवटी पूजानंच फोन लावला. पळताना तिची पाठ धरली होती तेव्हा औरंगपुऱ्यातल्या एका कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं दाबून मणके-सांधे मोकळे करणाऱ्या, डॉक्टरीणबाईंकडं ती गेली होती. त्यांनी दुपारी बोलावलं. सैल कपडे घालून या, पोटभर जेवून येऊ नका, असा निरोपही दिला. मी मोबाईलवर असले व्हिडिओ पाहिले होते. मान धरतात, कडाड्‌ आवाज होतो, माणूस उठून नाचायला लागतो! म्हटलं, हेच पाहिजे.

आता औरंगपुऱ्यात काय पायजम्यावर जायचं? मी आपली तंग जीन्स चढवली. आणि हळदीचं जेवण सोडून जायचं म्हणजे अन्नाचा अपमान. पुऱ्या झाल्या, वर बुंदी झाली, मग रिक्षात बसलो. सोबत अक्का.

डॉक्टरीणबाई तरुण, हसतमुख. त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"याआधी काही उपचार घेतले?"

अक्कानं मला चिमटा काढला. "नाही," मी म्हणालो.

"मालिश, गोळी?"

"नाही."

"पडलात कुठं, मार लागला?"

"छे हो!" मग मला राहवेना. "डॉक्टर, एक विचारू? तुम्ही पायाळू का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी सिझेरियन आहे."

अक्का कानात कुजबुजली, "चल ऊठ. हिच्या हाताला काय गुण येणार?"

बाई मात्र शांतपणे सांगत होत्या. अंग सैल सोडा, श्वास रोखू नका, दुखलं की लगेच बोला. आवाज येईल किंवा येणारही नाही. तो हाडांचा नसतो, सांध्यात बुडबुडा होतो त्याचा असतो, आणि आवाजावरून गुण ठरत नाही.

"कडाड्‌ होणारच नाही?" मी हिरमुसलो. "मग लोकांना काय सांगू?"

तसाच त्या उंच पलंगावर पालथा होऊ लागलो आणि मोठ्ठा आवाज झाला. चर्रर्र!

"आला बाई आवाज!" अक्कानं हात जोडले. "सुटली उसण!"

"काकू, पॅन्ट उसवली," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी माझा शर्ट वर केला, आणि झटकन हात मागं घेतला.

"काकू, तुम्ही जरा बाहेर बसता?"

अक्का गेली. बाई माझ्या तोंडाजवळ वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना? घाबरू नका. तुम्हाला कोणी मारतं का?"

"नाही हो!"

"तुमच्या पाठीवर पाय उमटलाय. पिवळा. पाचही बोटं दिसतायत, खाली काळंनिळं झालंय."

मी तोंड गादीत खुपसलं. मग म्हणालो, "भाचीचा आहे."

"भाचीनं मारलं? का?"

"मायेनं."

"हं. आणि ही भाची कुठं असते?"

"उद्या लग्न आहे तिचं."

"त्या लग्नाला तुमचा विरोध आहे का?"

आता बोला! बाईंनी अक्काला आत बोलावलं. "यांना लाथ कोणी मारली?"

"लाथ?" अक्का उसळली. "आमच्यात कुणी कुणाला लाथ मारत नाय! लई सोज्वळ घर हाय आमचं!" आणि हे सांगताना नाचवत होती ते दोन्ही हात हळदीनं पिवळे.

बाईंनी टेबलावरचा फोन हातात घेतला. मग मात्र माझा धीर सुटला आणि कट्ट्यापासून लाथेपर्यंत सगळं घडाघडा ओकून टाकलं. बाई हसता हसता स्टुलावर बसल्या. डोळे पुसले. मग गंभीर झाल्या.

"हे आधी सांगायला नको का? ताज्या माराच्या जागी मी जोर दिला असता म्हणजे? आज काही करणार नाही. शेक घ्या, थोडं थोडं चाला. पाय बधिर झाला किंवा लघवीला अडचण आली तर थेट दवाखाना गाठा. आणि मी सांगेपर्यंत वजन उचलायचं नाही."

"नवरी चालेल?"

"नवरीलाही वजन असतं."

रिक्षात मला खरंच रडू आलं. लहानपणी हीच पूजा माझ्या खांद्यावर बसून हर्सूलचा तलाव बघायला यायची. तिला मांडवात न्यायची माझी केवढी हौस! अक्काही डोळे पुसत होती. "तुझं काय चुकलं रे? मीच तुला पालथं पाडलं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मांडव खच्चून भरला. गुरुजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

फेटा बांधून, आत कंबरेचा पट्टा आवळून मी उभा. एक पाऊल टाकलं आणि चमक आली. पूजानं पटकन माझ्या दंडाखाली हात घातला. "मामा, टेक माझ्यावर. सावकाश." दुसऱ्या बाजूनं अक्कानं धरलं. पूजाचा पाय जमिनीला लागू देणार नव्हतो ना मी? ती धपाधप चालत होती, माझेच पाय अधांतरी. मान खाली, पावलं जपून, डोळ्यांत पाणी, दोघी दोन्हीकडून सावरतायत.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि शेजारणीला विचारलं, "अगं माय, आज पाठवणी मामाची हाय व्हय?"