वाडीचा चढ आणि छोटा गिअर

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या सांगली भागातला रस्ता आमचा राहत नाही, तो उसाच्या ट्रॉल्यांचा होतो. हे ठाऊक असूनही आम्ही कुपवाडातून निघालो ते चांगली उन्हं वर आल्यावरच, कारण हौसाआत्याला गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन ‘येते हं’ म्हणायचं होतं. वॉकर धरून ती एकेक दार करत होती आणि मी गाडीत बसून स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतो.

हौसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. उंब्रजवरून आत डोंगरात गेलं की सड्याच्या (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या) कडेला तिची वाडी आहे. पावसाळ्याच्या तोंडाला ती ओसरीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वाडीतल्या चौघांनी तिला डोलीतून (बांबूला घोंगडी बांधून केलेल्या झोळीतून) खालच्या गावापर्यंत आणलं. मिरजेत ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ती आमच्याकडे होती. आता तिला घरी जायचं होतं.

तिचा मुलगा विलास पुण्यात असतो. त्याचं म्हणणं असं, की दारापर्यंत गाडी जात असेल तरच आई तिथं राहील, नाहीतर पुण्याला, सातव्या मजल्यावर. “पुन्हा काही झालं तर डोली शोधत बसायचं का?” असं त्याने विचारलं, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. वाडीला कच्चा रस्ता आहे, पण त्यावरून ट्रॅक्टरशिवाय काही चढलेलं कुणी पाहिलेलं नाही. खालच्या गावात एकाची जुनी फोर व्हील जीप आहे. माझी गाडी चढली तर अडीनडीला त्याचीही चढेल, असा आमचा हिशेब होता. मी विलासला छाती पुढे काढून सांगितलं, “दारात नेऊन लावतो. फोटो पाठवतो, बघ तू.”

आता या गाडीबद्दल सांगायला हवं. पुढे माणसं आणि मागे माल असली ही पिकअप मी एका कंत्राटदाराकडून जुनी घेतली. मोठ्या गिअरच्या शेजारी तिला आणखी एक छोटा दांडा आहे. तो टाकला की मागच्या चाकांबरोबर पुढची चाकंही ओढायला लागतात. मागच्या फळीवर ‘फोर व्हील’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही आहे, आणि मी गाडी घेतली ती निम्मी त्या अक्षरांसाठीच. माझं काम काय, तर कुपवाडात पंपांच्या मोटारी दुरुस्त करायच्या आणि त्या गिऱ्हाइकाला पोचवायच्या. त्याला चारही चाकं कशाला ओढावी लागतात? पण हौस.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं-अवजारं खाली काढून पुजतात. त्या दिवशी मी छोटा गिअरही टाकायचो, आणि देवळापुढच्या फरशीवर गाडी गोल फिरवून देवाला एक फेरी घालायचो. मागे एकदा फेरी घालताना गाडी अशी आखडली, की पुढची चाकं टुणटुण उडायला लागली आणि खालून करकर आवाज आला. बायको, म्हणजे मंगल, म्हणाली, “आवं, मोडंल ती.” मी घाबरून दांडा मागे घेतला. त्यानंतर त्याला हात लावला नव्हता.

आष्ट्याच्या अलीकडेच आम्ही दोन ट्रॉल्यांच्या मागे अडकलो. पुढे ऊस, मागे ऊस, आणि मध्ये ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा दणका. आत्या मात्र मजेत होती. मागच्या सीटवर पाय लांब करून ती उसाच्या प्रत्येक फडाला नावं ठेवत होती. मंगल तिच्या शेजारी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“आत्या, पायाचा व्यायाम केला का सकाळी?” मी आरशातून विचारलं.

“करंन की.”

“डॉक्टर काय म्हणालेत? वापरला न्हाई तर आखडणार पाय.”

“तुझ्या डॉक्टरला म्हणावं, आधी घरी जाऊ दे. मग दाखवते चालून.”

हे आमचं रोजचं भांडण होतं. ती वॉकरवर शेजारणींच्या दारापर्यंत जाई, पण व्यायाम म्हटलं की तिला झोप यायची.

पेठ नाक्याला महामार्गाला लागलो, कराड ओलांडलं आणि उंब्रजला चहासाठी थांबलो. कांदाभजी गरम होती, चहा गोड होता, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या कोरेगावकडच्या एका पाव्हण्याला आमच्या गाडीत फार रस होता. तो उठून मागची अक्षरं वाचून आला.

“हे लिव्हलंय ते खरंच चालतंय का?”

“चालतंय की,” मी म्हणालो.

“कवा बघितलंस?” आत्याने बशीतून चहा पिता पिता विचारलं.

पाव्हणा हसला. मी आणखी एक प्लेट भजी सांगितली आणि विषय बदलला.

उंब्रजला महामार्ग सोडला की उसाचा प्रदेश हळूहळू मागे पडतो. ओढ्याकाठची गावं येतात, मग रस्ता डोंगराच्या कुशीला लागतो आणि खाचरं (भाताची पायऱ्या-पायऱ्यांची छोटी शेतं) सुरू होतात. भात कापणीला आलं होतं. काही खाचरांत पेंढ्या आडव्या पडल्या होत्या आणि सगळ्या खोऱ्याला ओल्या पेंढ्याचा वास होता. आत्या बोलायची थांबली. मी आरशात पाहिलं तर ती काच खाली करून नुसती बघत होती. मंगलने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

खालच्या गावात डांबर संपलं. तिथून लाल मातीचा चढ. पहिली दोन वळणं गाडी सहज गेली आणि मी शीळ घालायला सुरुवात केली. तिसऱ्या वळणावर मात्र डोंगरातून पाझरणारं पाणी रस्त्यावर पसरलं होतं. पाऊस जाऊन इतके दिवस झाले तरी तिथला चिखल लोण्यासारखा मऊ होता. मागची चाकं जागेवरच फिरू लागली आणि गाडी हळूहळू मागे सरकली. मंगल उतरली आणि तिने चाकांमागे दगड लावले.

“घाबरायचं काम न्हाई,” मी म्हणालो आणि छोट्या गिअरला हात घातला. तो हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. भिंतीतल्या खुंटीसारखा घट्ट.

नेमका तेव्हा विलासचा फोन आला. “पोचलात का?”

“चहाला थांबलोय,” मी सांगितलं. चिखलात उभं राहून असं बोलताना माझं मलाच कसंतरी झालं.

फोन ठेवला आणि तिथं रेंज आहे तोवर कुपवाडात शौकत मिस्त्रीला लावला. शौकत माझा जुना दोस्त, गाडीही त्याच्याच हाताखालची. त्याने सगळं ऐकून घेतलं. फरशीवरच्या फेरीचंही मी सांगून टाकलं.

“गड्या, फोर व्हील काय देवळाला प्रदक्षिणा घालायला दिलंय व्हय?” तो म्हणाला. “कोरड्या फरशीवर, डांबरावर टाकून वळवलं की आखडणारच ते. महिन्यातनं एकदा टाकायचं, मातीच्या रस्त्यावर, सरळ, दोन-चार किलोमीटर. आतलं तेल फिरतं, सांधं मोकळं ऱ्हातात. तू गिऱ्हाइकाला रोज काय सांगतोस मोटारीचं?”

काय सांगतो ते मला पाठ होतं. पावसाळ्यात पंप बंद ठेवू नका, अधूनमधून फिरवा, नाहीतर जाम होतो. दर वर्षी जाम झालेल्या मोटारी माझ्या पुढ्यात येतात आणि मी शेतकऱ्यांना तोंड भरून बोलतो. आता बोलायला कुणी नव्हतं, मीच होतो.

तेवढ्यात वरून झोडून झालेल्या भाताचा पेंढा घेऊन दोन बायका उतरल्या. त्यातली एक आत्याची शेजारीण पारू. आत्याला बघून तिने भारा तिथंच टाकला आणि गाडीच्या खिडकीशी येऊन तिचे हात धरले. मग आमची अवस्था बघून म्हणाली, “आमच्या मालकास्नी हाक मारते. डोली आणत्यात. चौघं मिळून अल्लाद न्हेतील वर.”

“न्हाई,” आत्या म्हणाली. “डोलीतनं खाली गेले, ते गेले. डोलीतनं वर यायची न्हाई मी. डोलीतनं गेले तर विलास उद्याच्याला मला पुण्याला घिऊन जाईल. त्यापरास हितनंच माघारी फिरवा.”

तिचे डोळे भरले होते आणि ती रस्त्याच्या वरच्या अंगाला बघत होती. तिथून तिच्या घराची कौलं दिसतात. माझा शब्द, माझी गाडी, आणि म्हातारी घरापासून हाकेच्या अंतरावरून परत जाणार. मला इतकं वाईट मागे कधी वाटलं होतं ते आठवत नाही.

मी आणखी दगड लावले, पेंढ्याचा एक भारा अंथरला आणि गाडीखाली शिरलो. दांड्याखालचा सांधा गंज आणि वाळलेल्या मातीने पार बुजला होता. माती खरवडून काढली. तेल हवं होतं. गाडीत पाना-पक्कड होती, स्टेपनी होती, मागे बांधलेली लिंबू-मिरचीही होती. तेल तेवढं नव्हतं.

“मंगल, आत्याच्या पायाच्या मालिशचं तेल दे.”

“आवं, तिळाचं हाय ते. औषध टाकून उकळलेलं.”

“दे गं त्येला,” आत्या म्हणाली. “माझा पाय दमानं घील.”

तेल सोडलं, सांधा हाताने हलवत राहिलो, पुन्हा सोडलं. हळूहळू तो कुरकुरायला लागला. मग वर येऊन, दगडांना टेकलेली गाडी किंचित पुढे-मागे डोलवत दांडा ओढला. खट्. समोर छोटा हिरवा दिवा लागला. मी त्या दिव्याला हात जोडले.

मी सांगण्याआधीच मंगलने पेंढा चाकांखाली सारला. मी क्लच अगदी सावकाश सोडला. पुढच्या चाकांनी माती धरली, गाडी एकदा थरथरली आणि चिखलातून वर आली. वळण संपलं, चढ संपला, आणि आत्याच्या अंगणातली तुळस समोर दिसली. माझा जीव भांड्यात पडला. आत्या मागून पाठीवर थापटत होती आणि मंगल हसता हसता रडत होती.

विलासला पाठवायला फोटो काढला, पण वाडीत रेंज नसते, तो खाली आल्यावरच गेला. पारूने जेवायला केलं. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, लसणाचा ठेचा आणि नव्या भाताचा वाफाळता गोळा. चिखलाचे हात धुऊन मी असा जेवलो, की पारूला दुसऱ्यांदा भाकऱ्या थापाव्या लागल्या. आत्या स्वतःच्या ओसरीवर, स्वतःच्या खांबाला टेकून बसली होती.

निघताना तिने मला बोलावून विचारलं, “अमावास्येला गाडीला नारळ फोडतोस न्हवं?”

“दर अमावास्येला. गाडी धुतो, लिंबू-मिरची बदलतो.”

“मग त्याच दिवशी त्यो गिअर बी टाकत जा. मी फोन करून इचारीन.”

“आणि तू पायाचं काय करशील?”

“तेबी कळंल तुला,” ती म्हणाली.

उतरताना त्या तिसऱ्या वळणावर मी गाडी थांबवली आणि विलासला फोटो पाठवला. त्याने फोन करून एवढंच म्हटलं, “ठीक आहे. राहू दे तिला.” परतीच्या रस्त्यावर पुन्हा ट्रॉल्या होत्या, पण त्यांच्यामागे रांगताना मला अजिबात वैताग आला नाही. मी विचार करत होतो, की आपण वस्तू जपतो म्हणजे काय करतो? धुतो, पुसतो, हार घालतो, नजर लागू नये म्हणून लिंबू बांधतो. वापरायचं तेवढं राहून जातं.

पहिली अमावास्या आली. गाडी धुतली, नारळ फोडला आणि कुपवाडाच्या मागे शेतांकडे जाणाऱ्या मातीच्या रस्त्यावर छोटा गिअर टाकून सरळ जाऊन आलो. दांडा जड होता, पण पडला. आत्याचा फोन आला नाही. दिवसभर वाट पाहिली, मग आठवलं की वर रेंजच नाही, ती फोन करणार कुठून? नंतर बाजाराला उतरलेल्या पारूच्या नवऱ्याने फोन करून सांगितलं, की म्हातारी बरी आहे, अंगणात चालते. पण मनातली रुखरुख गेली नाही.

दुसऱ्या अमावास्येला दांडा बोटांनी पडला. त्याच मातीच्या रस्त्यावर होतो, तेव्हा फोन वाजला.

“टाकलास का रं?”

“टाकलाय, आत्या. आत्ता त्याच्यावरच चाललोय.” मग माझ्या डोक्यात आलं आणि मी गाडी थांबवली. “तू बोलतीस कुठनं? खाली कुणी आणलं तुला?”

“मला कोण आणतंय. तुझी गाडी रुतली हुती न्हवं, त्या वळणावर बसलीया, दगडावर. काठी टेकत आले.” ती दम घ्यायला थांबली. मागे कुठंतरी बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता. “ठेव आता फोन. मला वर चढायचं हाय.”