आत्याला शहर दाखवलं तो रविवार

आत्या ऑकलंडला आली ती शहर बघायला नव्हे, लेकीच्या बाळंतपणाला. तिची लेक, म्हणजे माझी आतेबहीण, तिथल्या एका हॉस्पिटलात नर्स होती. मी तिला ताई म्हणतो. शिकायला म्हणून मी तिकडे गेलो तेव्हा न्यू लिन या उपनगरातल्या आपल्या घराची मागची खोली तिनं मला राहायला दिली. दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. तालुक्याच्या गावी वडिलांची पिठाची गिरणी आहे, आणि दहावीनंतर मी गिरणीतच बसावं असं त्यांच्या मनात होतं. तेव्हा आत्यानं त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला होता. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. हे मी आधी सांगतो आहे, कारण पुढे जे केलं ते मी कुणाशी केलं हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

तीन महिन्यांत आत्यानं न्यूझीलंडमधलं काय बघितलं? ताईचं स्वयंपाकघर, बाळाला न्हाऊ घालायचं न्हाणीघर, मागच्या अंगणातली कपड्यांची दोरी आणि कोपऱ्यावरची डेअरी. तिथं वाण्याच्या छोट्या दुकानाला डेअरी म्हणतात. दुकानातल्या गुजराती काकूंशी आत्या मराठीत बोलायची, त्या गुजरातीत उत्तर द्यायच्या, आणि दोघींचं छान चालायचं. परत जायला आठवडा राहिला तेव्हा बाळाचे कपडे घडी करता करता ती म्हणाली, "गावाकडं बाया इचारतील, काय काय बघितलंस. काय सांगू? नातीचे लंगोट बघितले?"

ताईला ते लागलं. तिला स्वतःला बाहेर पडणं जमण्यासारखं नव्हतं, दाजींची रविवारची पाळी होती. ती मला म्हणाली, "ए, संडेला तू घेऊन जा ना आईला सिटीत. एकच दिवस आहे रे. नीट दाखव सगळं."

मी लगेच हो म्हणालो. खरं म्हणजे मीही शहर बघितलेलं नव्हतं. कॉलेज, लायब्ररी आणि सुपरमार्केटमधलं माल लावायचं काम, यापलीकडे मी कुठे गेलो नव्हतो. पण हे मी बोललो नाही. पर्यटकांसाठी ठेवलेली फुकट माहितीपत्रकं आणून परीक्षेसारखा अभ्यास केला आणि कागदावर क्रम लिहून काढला: आधी संग्रहालय, मग क्वीन स्ट्रीटवर खरेदी, उंच मनोरा खालूनच, शेवटी फेरीबोटीनं खाडीपलीकडचं डेव्हनपोर्ट आणि परत.

रविवारी आत्या हिरवी साडी नेसली, वरून दाजींचं जाकीट, पायात ताईचे बूट. तिथं बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. ते तिनं बघून ठेवलं होतं. आमचा थांबा आला तसं ती मोठ्यानं म्हणाली, "थँक्यू, दादा!" ड्रायव्हर हसला, मागची माणसंही हसली. मी मात्र पटकन खाली उतरलो आणि चार पावलं पुढं जाऊन उभा राहिलो.

संग्रहालय एका मोठ्या बागेत, टेकडीवर आहे. आत माओरी लोकांचं एक अख्खं लाकडी घर उभं केलेलं आहे. गावाची माणसं जमतात ते सभेचं घर. दारात चपला-बूट काढायची पाटी होती. मी ती वाचून सांगायच्या आत आत्यानं बूट काढून, जोडी नीट लावून ठेवली होती. उंबऱ्याला हात लावून तिनं तो कपाळाला लावला आणि आत गेली.

आत दोन्ही भिंतींना कोरलेल्या लाकडी मूर्ती होत्या. लालभडक रंगवलेल्या. शिंपल्याचे डोळे बसवलेले, आणि त्या मंद उजेडातही ते चकाकत होते. आत्या एकीपुढे थांबली.

"आपल्या भैरोबावानीच की रं. तसाच शेंदूर, अन् तसंच चांदीचं डोळं. कोण हे?"

बाजूला माहितीचा फलक होता. मी तो वाचला नव्हता, कारण दाजींच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश कसा बंद करायचा ते मी शोधत होतो. माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण ज्याला शिकवण्यासाठी तिनं भावाशी अबोला धरला त्यानं माहीत नाही कसं म्हणायचं, असं काहीतरी तेव्हा मनात आलं असावं.

"त्यांचे देव आहेत," मी म्हणालो.

मी पुन्हा कॅमेऱ्यात डोकं घातलं. वर बघितलं तोवर आत्यानं पर्समधली डबी उघडून त्या मूर्तीच्या पायावर हळद-कुंकू वाहिलं होतं आणि ती डोकं टेकवत होती. हात लावू नये अशीही पाटी होती. ती मी येतानाच वाचली होती. आत्याला सांगायचं राहिलं होतं.

"एक्स्क्यूज मी," मागून आवाज आला. तिथं देखरेखीला असलेली मुलगी होती, माझ्याच वयाची असेल. आत शिरताना तिनं आम्हाला 'किया ओरा' म्हणून हसून नमस्कार केला होता. आता ती हसत नव्हती, पण रागावलेलीही नव्हती. सावकाश इंग्रजीत म्हणाली, "इथं हात लावायचा नसतो. हे आमचे पूर्वज आहेत. या बाईंनी हे काय लावलंय?"

आजूबाजूला पाच-सहा पर्यटक होते. सगळे आमच्याकडे बघत होते. माझे कान तापले.

"सॉरी," मी म्हणालो. "मी त्यांना सांगितलं होतं हात लावू नका म्हणून. त्या खेड्यातल्या आहेत. शिकलेल्या नाहीत. त्यांना कळत नाही."

"तुझ्या कोण लागतात?"

"मी ज्यांच्याकडे राहतो त्यांच्या आई."

या शेवटच्या वाक्यातला एक शब्दही खोटा नाही. म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून गेलं.

आत्या माझ्याकडे बघत होती. "काय म्हणतीय?"

"हे देव नाहीत. त्यांचे पूर्वज आहेत."

आत्यानं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! लोकांच्या वाडवडलांना मी परस्पर कुंकू लावलं?" मग मला म्हणाली, "तिला सांग, माझं चुकलं म्हणावं. आधी इचारायला पायजे हुतं. अन् इचार, ह्यांच्यात वाडवडलांना काय वाहत्यात? तसं करू की आपण."

आणि हात जोडून त्या मुलीसमोर उत्तराची वाट बघत ती उभी राहिली.

मला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. मी इंग्रजीत म्हणालो, "त्या विचारताहेत, आम्ही आता गेलो तर चालेल ना?"

मुलीनं आत्याच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. तिला ते आणि माझे शब्द यांचा मेळ लागला नसावा. "हो, जाऊ शकता," एवढंच ती म्हणाली आणि वॉकी-टॉकीवर कुणाला तरी बोलवायला वळली. कुंकू तिनं स्वतः पुसलं नाही. ते काढायला जाणकार माणूस लागत असणार.

"सांगितलंस?" बाहेर बूट घालताना आत्यानं विचारलं.

"हो."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही. ठीक आहे म्हणाली."

आत्यानं दाराकडं वळून बघितलं. म्हणाली, "न्हाई रं. राग गेला न्हाई तिचा."

बागेतल्या हिरवळीवर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तेव्हासुद्धा तिनं आधी मला विचारलं, "इथं बसून खाल्लेलं चालतंय का?" चालतं म्हटल्यावर डबा उघडला. आणि मग दिवसभर तिचं तेच. क्वीन स्ट्रीटच्या दुकानात गल्लीतल्या बायकांसाठी किवी पक्ष्याच्या किल्ल्यांच्या साखळ्या घ्यायच्या होत्या, तर ती हात मागे बांधून उभी. "ह्याला हात लावू का, इचार की." दुकानदारीण म्हणत होती, घ्या, बघा, तरी हिनं बोटानं दाखवलं आणि मी उचललं. शिंपल्याच्या डोळ्यांची छोटी लाकडी मूर्ती दिसली तेव्हा ती त्या कोपऱ्यापासूनच लांब झाली. फेरीबोटीत खिडकीजवळची जागा रिकामी होती. "तितं बसलं तर कुणी काय म्हणायचं न्हाई ना?" बोट सुटली, मागं शहर, मनोरा, पूल सगळं एकदम दिसायला लागलं. तेच दाखवायला मी तिला आणलं होतं. ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी फोटो काढला. उतरताना बोटीवरच्या माणसाला तिनं थँक्यू म्हटलं नाही.

सकाळी बसमध्ये सगळ्यांसमोर दादा म्हणणारी बाई संध्याकाळपर्यंत अशी झाली होती. शहर तिनं बघितलं खरं. पण परवानगी मागत बघितलं.

घरी ताईनं विचारलं, "कसं झालं आई? मजा आली?"

"लई झ्याक दाखवलं त्यानं," आत्या म्हणाली. संग्रहालयाचं तिनं काढलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. बुधवारी ती गेली.

पुढच्या शनिवारी मी एकटा संग्रहालयात गेलो. ती मुलगी तिथंच होती. मी तिला अडखळत सगळं सांगितलं. पाटी वाचूनही सांगितलं नव्हतं ते, देव म्हणालो ते, आणि आत्याचे खरे शब्द. ती माझी सख्खी आत्या आहे हेही सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तरीच त्या तशा उभ्या होत्या. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं बोलले." पुढं म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस तर मीही त्यांना काही सांगितलं असतं. त्यांना म्हणावं, परत आलात की मला भेटा. इथं कोण कोण आहेत, त्यांची नावं मी सांगेन. नाव माहीत असलं की भेटल्यासारखं होतं."

मी कबूल केलं, सांगतो म्हणून. त्या रात्री आत्याला फोन लावला आणि हवेबद्दल बोललो. हा निरोप द्यायचा तर बाकीचंही सांगावं लागणार होतं. दर वेळी फोन लावताना ते ओठांवर यायचं आणि दर वेळी ताईचं बाळ काय करतं, यावर संपायचं. अशी दोन वर्षं गेली.

शिक्षण संपवून गावी गेलो तेव्हा आत्या ओट्यावर बायकांमध्ये बसून शेंगा फोडत होती. मला बघून बायकांनी तिकडचं विचारायला सुरुवात केली. आत्याच सांगू लागली. बोट सांगितली, मनोरा सांगितला, आणि मग कुणी न विचारता तिनं ते सांगितलं.

"तितं माझ्या हातनं चूक झाली. लोकांच्या वाडवडलांना कुंकू लावून बसले. ह्याच्याकडनं माफी मागितली मी. पर पोरगी काही बोलली न्हाई. राग धरला असंल. वाडवडलांचं हाय, धरणारच."

"तिनं राग धरला नाही," मी म्हणालो. "ती म्हणाली, परत आलात की भेटा. तिथं कोण कोण आहेत त्यांची नावं सांगते."

आत्याचा हात थांबला. "कवा म्हणाली? मी तितंच हुते की."

"नंतर. मी परत गेलो होतो."

"कशाला?"

"तुझं सांगायला."

बायका शेंगा फोडत होत्या. आत्या माझ्याकडे बघत राहिली. "त्या दिवशी सांगितलं न्हवतंस?"

"नाही."

मग ती काय म्हणेल याची मी वाट बघत होतो.  तिनं टरफलं पदरातून झटकली, "चहा टाकते सगळ्यांना," म्हणाली आणि उठून आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आला. मी तिथंच बसून तिनं सोडलेल्या शेंगा फोडायला लागलो.

"नावं सांगते म्हणाली व्हय रं?" आतून तिनं विचारलं.

"हो."

"त्याचं काय नाव हुतं? मी कुंकू लावलं त्याचं?"

ते मी विचारलं नव्हतं.