ओट्यापाशी उभं राहून ऐकलेली स्पॅनिश

आमच्या घरी सीरियल मी बघतो आणि बायको ऐकते. मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्ही हॉलमध्ये, ती ओट्यापाशी, मध्ये भिंत. लग्न झाल्यापासून संध्याकाळच्या सगळ्या मालिका तिने अशाच काढल्या. शाळेतून यायची, हातपाय धुवायची, कुकर लावायची आणि आतूनच सांगायची, आता ही बाई खोटं बोलणार बघा. मी पडद्यासमोर डोळे फाडून बसलेलो, मला काही दिसलेलं नसायचं. पुढच्या मिनिटाला ती बाई बिनदिक्कत खोटं बोलायची. गणिताची मास्तरीण आहे, संशय घ्यायची सवयच असणार, असं म्हणून मी चहा प्यायचो.

आमची लेक एकुलती एक. शिकायला स्पेनला गेली, तिथेच नोकरी लागली, तिथलाच मुलगा पसंत केला. जावई माणूस चांगला, इथे आला तेव्हा पुरणपोळीवर दोनदा तूप मागून घेतलं होतं. नात झाली, ती आता पाच वर्षांची. तिच्या घरात सगळा कारभार स्पॅनिशमध्ये. मराठीत तिला आजी, आबा आणि लाडू एवढं येतं, आणि त्यातही लाडू सगळ्यात स्पष्ट.

दर रविवारी दुपारी आमचा व्हिडिओ कॉल असतो. नात समोर बसून धडाधड बोलायची, हात नाचवायची, मध्येच डोळे मोठे करायची. आम्ही दोघं नंदीबैलासारख्या माना हलवायचो. तिचं झालं की लेक मराठीत सांगायची, "शाळेत मजा आली म्हणते."

एका रविवारी पोरगी बोलता बोलता थांबली. आजीकडे बघितलं, आईला काहीतरी म्हणाली आणि खुर्चीवरून उतरून निघून गेली. तिला खेळायचंय गं, असं लेक म्हणाली. कॉल संपला तरी बायको बराच वेळ मोबाईल धरून बसली होती.

"ती म्हणाली असेल, आजीला काही कळत नाही. आणि खरंच आहे ना ते," ती मला म्हणाली. "एवढी मोठी गोष्ट सांगते पोर, आणि आपल्या वाट्याला काय, तर मजा आली. मला तिचं बोलणं तिच्याच तोंडून कळलं पाहिजे हो."

मी लगेच मोबाईलवर भाषा शिकवणारं अ‍ॅप घेतलं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला रोज कुणीतरी शाबासकी देणारं हवंच असतं. घोडा दूध पितो, माझ्या काकांची टोपी निळी आहे, असली वाक्यं मी पटापट सोडवायला लागलो. काही महिन्यांत स्पॅनिश बातमी वाचून मथितार्थ सांगण्याइतकी मजल गेली. पण रविवारी नातीने तोंड उघडलं की माझी वाट लागायची. घोडा नाही, टोपी नाही, नुसती आगगाडी. शब्द कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो, काही पत्ता लागायचा नाही.

बायकोने अ‍ॅपला हात लावला नाही. तिने सरळ सांगितलं, तिकडची एखादी सीरियल लावा. घरगुती लावा, खून-मारामारी नको, आपल्याला कुणी बंदूक मागणार नाहीये.

मिळाली एक. मोठं कुटुंब, एक हॉटेल, तीन बहिणी आणि त्यांची भयंकर आई. मी हॉलमध्ये बसून खालची इंग्रजी अक्षरं वाचायचो. ती आत मेथी निवडत ऐकायची. पहिल्या आठवड्यात मी तिला खूप चिडवलं. म्हटलं, अगं, डोळ्यांनी वाचूनसुद्धा माझी दमछाक होतेय, तू भिंतीपलीकडून काय दिवे लावणार? तर आतून आवाज आला, ही मधली बहीण काहीतरी लपवतेय, दर वेळी बोलायच्या आधी श्वास घेते. खाली अक्षरं आली तेव्हा कळलं, मधल्या बहिणीने हॉटेल परस्पर विकायला काढलं होतं. त्या दिवसापासून मी तिला चिडवणं सोडलं.

मग तिची एक पद्धतच बसली. एक भाग आधी मी बघायचा आणि तिला चार वाक्यांत गोष्ट सांगायची. मग तोच भाग तिने स्वयंपाक करताना ऐकायचा. दुसऱ्या दिवशी भांडी लावताना पुन्हा तोच. जो शब्द सारखा कानावर आदळेल तो ती मोठ्याने म्हणायची आणि मी हॉलमधून अर्थ ओरडायचो. मेंतीरा! खोटं! पेर्दोना! माफ कर! आमच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये मला हळूच विचारलं, पाहुणे आलेत का हो, फार भांडतात. मी म्हटलं, हो, लांबचे आहेत.

मला खरं आश्चर्य वाटलं ते पुढे. एकदा ती पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, हे तर आमच्या मालवणच्या बायकांसारखं बोलतात. शेवटचं अक्षर गिळायचं आणि पुढचं वाक्य त्याच श्वासात ढकलायचं. "माझी आई आणि मावशी विहिरीवर अशाच बोलायच्या. त्यांचं एकेक अक्षर कोण ऐकतंय? चाल ऐकायची, मग शब्द आपोआप सुटे होतात." मी अडलेला प्रत्येक शब्द पकडायला धावायचो आणि तेवढ्यात वाक्य निघून जायचं. ती सुटलेल्या शब्दाला जाऊ द्यायची. कळलं तेवढं कळलं, पुढचं ऐकायचं. वर्ग भरून पोरांचा गोंगाट ऐकलेले कान होते ते, त्यातून नेमका कोण बोलला हे पाठ फिरवून ओळखणारे. मला तिचा हेवा वाटायचा आणि अभिमानही. शेवटी मी टीव्हीवर टॉवेल टाकून ऐकायचा प्रयत्न केला, तर झोप लागली.

वर्ष उलटून गेलं. तीन बहिणींचं हॉटेल विकलं जाऊन परत मिळालंसुद्धा. आम्ही दुसरी सीरियल लावली, मग तिसरी. बायको आता अधूनमधून हसायची, आणि मी वाचून हसायच्या आधी हसायची. पण लेकीला यातलं काही सांगायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. दिवस गेल्यावर तिसरा महिना लागेपर्यंत बाहेर बोलू नये, तसा तिचा नियम. नातीच्या वाढदिवसाला तिच्याशी थेट बोलायचं, सगळ्यांना चकित करायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. रविवारच्या कॉलमध्ये ती पूर्वीसारखीच मान हलवायची. मला मात्र दिसायचं, आता ती मान भलत्या जागी हलत नव्हती.

जावई बऱ्याच दिवसांत कॉलवर दिसला नव्हता. कामात आहे, बाहेरगावी आहे, मॅचला गेलाय, असं काहीबाही लेक सांगायची. त्याचं काम फिरतीचं, म्हणून मी जास्त विचारलं नाही. बायकोनेही विचारलं नाही, पण कॉल झाल्यावर ती एकदा म्हणाली होती, हिचा आवाज बसलाय.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. आम्ही तिळगुळाची वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. नात आनंदात होती. गुडघ्यांवर उभी राहून तिने आम्हाला काहीतरी मोठी बातमी सांगितली, हात वर करून शिडी चढल्यासारखं केलं, आणि टाळ्या वाजवल्या. लेक लगेच म्हणाली, "नवीन पलंग आलाय म्हणते, शिडीवाला." मी म्हटलं, वा, झकास, वरती कोण झोपणार?

बायकोने हातातली वाटी टीपॉयवर ठेवली. मी तिच्याकडे बघितलं आणि मला एवढंच समजलं की काहीतरी झालंय. पोरगी काय म्हणाली होती, ते मला नंतर कळलं. ती म्हणाली होती, ला कासा नुएबा दे पापा. पप्पाच्या नवीन घरात शिडीवाला पलंग आहे, आणि मी वर झोपते.

बायको मोबाईलकडे थोडी वाकली. आवाज अगदी साधा, भाजी काय केलीस विचारावं तसा. नातीला तिने विचारलं, "ई तू मामा, दोंदे दुएर्मे?" आणि तुझी आई कुठे झोपते?

आयुष्यात पहिल्यांदा आजी तिच्या भाषेत बोलली होती. पण नातीला त्याचं काहीच वाटलं नाही. आजीने विचारलं, तिने उत्तर दिलं. "आकी. कोनमिगो." इथे, माझ्याजवळ. एवढं सांगून ती तिळगुळाकडे बोट दाखवायला लागली.

लेकीचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. लहानपणी तापात असायची तेव्हा असाच दिसायचा. ती स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटली, मग इंग्रजीत "आय मीन" एवढंच म्हणाली, मग तेही थांबलं. शेवटी विचारलं, आई, तुला सगळं कळतं?

"सगळं नाही कळत," बायको म्हणाली. "म्हणून तर तुला विचारतेय. तू मराठीत सांग."

मला त्या क्षणी माझ्या बायकोबद्दल जे वाटलं ते मी तिला अजून नीट सांगू शकलेलो नाही. तिने ना कपाळावर हात मारला, ना मला हाक मारली, ना लपवलंस का म्हणून विचारलं. मी असतो तर पहिला प्रश्न तोच विचारला असता, आणि लेकीने फोन ठेवला असता.

"गणपतीच्या आधीपासून वेगळे राहतोय आम्ही," लेक म्हणाली.

मी मनात रविवार मोजायला गेलो आणि सोडून दिलं. नात मध्येच येऊन आईच्या मांडीवर बसली, तिच्या केसांशी खेळायला लागली. लेक बोलत होती, अडखळत होती, काही मराठी शब्द तिला आठवत नव्हते. तिथे ती स्पॅनिश शब्द टाकायची आणि आमच्याकडे बघायची. बायको मान हलवायची. पुढे बोल.