अष्टमीनंतरचा पाठ

चष्मा आमचे आचार्य धोतराच्या टोकाने पुसत आणि मग त्याच्या वरून बघत. कॉफी पेला ओठाला न लावता वरून पीत. शिष्य जमिनीवर आणि ते खुर्चीवर. गुडघे गेले होते. "आसनाचा अर्थ मी सांगतो, आसन तुम्ही करा," म्हणत. पाठ कधी वाईट शब्दावर थांबवत नसत. रोग, दुःख, मरण आलं की वेळ संपली तरी एखादी बरी ओळ येईपर्यंत वाचत आणि मगच पोथी मिटत.

म्हैसूरला योग शिकायला आलेले परदेशी लोक संपत्कुमाराचारांच्या माडीवर योगसूत्रांचा अर्थ ऐकायला येत. आचार कन्नडमध्ये सांगत, मी इंग्रजीत. साहित्यात एम.ए. करून मी घरीच होते. मी जरा रंगवलं की आचारांना कळायचं. "भार्गवी, मी एवढं लांब बोललो नाही."

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. ते तारीख घेईनात. अलमेलु मामी, त्यांच्या पत्नी, खालून म्हणायच्या, "जगाला श्वास शिकवतात. स्वतःला जिना चढवत नाही."

त्या सोमवारी मरणाच्या भीतीचं सूत्र आलं. ही भीती जाणत्यालाही सोडत नाही, असं त्यात आहे. जाणता म्हणजे नुसता पुस्तकी पंडित, खरा साधक नव्हे, असं आचार दर वर्षी सांगत. साधकांना ते आवडे. कॅनडाच्या मारेनने विचारलं, साधक सुटतो हे कशावरून?

आचार माझ्याकडे वळले.

"तिला सांग, ही पळवाट माझी. सूत्रात नाही. मला भीती वाटते. आता या सूत्राचा अर्थ मला पहिल्यापासून लावायचाय. आज जमणार नाही."

मी तेवढंच सांगितलं. काही रंगवलं नाही. त्यांनी पोथी मिटली.

"आचार, पुढची ओळ?" मी विचारलं.

"राहू दे. उद्या अष्टमी, पाठ नाही. परवा वाचू."

अष्टमीला सकाळी पेपर वाचता वाचता ते गेले. मामी कॉफी घेऊन आल्या तेव्हा चष्मा मांडीवर होता. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मी घरी येऊन जेवले. दहीभात होता.

बुधवारी शिष्य आले. त्यांना कळवलं होतं, तरी आले. चपला जिन्याखाली ओळीने काढल्या. शेजारच्या घरून कॉफी आली. खुर्ची रिकामी होती, तिच्यासमोर सगळे नेहमीच्या जागी बसले. मामींनी खालून विचारलं, "पंखा लावलाय ना?" कुणीतरी उठून लावला.

मारेन म्हणाली, "तू वाच ना."

पुढची ओळ मला पाठ आहे. ती भीती विरते कशी, याचीच आहे. पण आधीच्या सूत्राचा अर्थ आचारांनी लावायचा होता.

पोथीत खुणेला बसचं तिकीट आहे. पान अजून उलटलेलं नाही.