दिव्यापुढचं अंडं

आमच्या उबवणी केंद्रात एक बाई होती. सगळे तिला दिवावाली म्हणायचे. तिच्याविषयी कुणीतरी लिहायला हवं होतं. दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून जमेल तसं मीच लिहितो. मी तिथे यंत्रं दुरुस्त करायचो.

तिची खोली काळोखी. टेबलावर एक डबा, आत दिवा आणि डब्याला वर एक भोक. उबेतली अंडी मधूनमधून तिच्याकडे तपासायला यायची. एकेक अंडं ती भोकापुढे धरायची. जीव धरला असेल तर आत मुळांसारख्या बारीक लाल शिरा दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक काळा ठिपका हलतो. तेच पिल्लू. पिसांचा अजून पत्ता नसतो, पण हृदय चालू झालेलं असतं. ठिपका हलत नसेल तर पिल्लू मेलं, अंडं बाजूला.

नवरा वारला होता, मुलगा परगावी. दिवसभर ती अंड्यांशीच बोलायची. "तू आहेस. तूही आहेस. चल, हो पुढे."

बाहेर ट्रे धुणाऱ्या मुली हसायच्या. "मावशींची हजेरी चाललीय."

मग यंत्रात अंडी कुजून फुटायला लागली. मेलेली अंडी तिच्या हातून पुढे जात होती. एके दिवशी मालक स्वतः तिच्या खोलीत आले. मी कोपऱ्यात वायर जोडत होतो.

"मावशी, हे बघा बरं."

तिने अंडं भोकापुढे धरलं. "आहे की. हलतंय."

"नीट बघा."

"हलतंय म्हणते ना. डोळे शाबूत आहेत माझे."

मालकांनी ते अंडं घेतलं, भोकावर टेकवलं आणि हात काढून घेतला. ठिपका जागचा हलला नाही. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिने आपला हात उजेडात धरला. बोटं थरथरत होती.

"म्हणजे मीच हलवत होते," ती म्हणाली.

मालक तसे भले. "उद्यापासून पिल्लांच्या खोलीत या. उजेड आहे, चार माणसं आहेत. इथे एकट्या किती बसणार?"

"इथे मी एकटी कुठे होते?"

दुसऱ्या दिवशी ती तिकडे गेली. तिथे पिल्लं बाहेर येतात, अंग सुकलं की खोक्यात भरतात आणि दुपारी गाडी निघते. करमतं का, असं मी एकदा धीर करून विचारलं.

"ओळख व्हायच्या आत जातात," ती म्हणाली.

गाडी गेल्यावर मुली घरी पळायच्या. ती मागे राहून टरफलं झाडायची, सावकाश, एकेक कोपरा.