आधी पुढचे लाकूड

अंगठ्याचे नख बंदुकीच्या नळीच्या एका तोंडाशी उजेडात धरायचे आणि दुसऱ्या तोंडातून एका डोळ्याने आत पाहायचे, ही त्यांची सवय होती. नखावर पडलेला उजेड परावर्तित होऊन नळीत शिरतो आणि आतला मळ, गंज, ओरखडे स्पष्ट दिसतात. सैन्यात शस्त्रदुरुस्ती केलेल्यांना ही युक्ती ठाऊक असते. निवृत्तीनंतर धुळ्यात आमच्या शेजारी राहायला आलेल्या या गृहस्थांनी मात्र ती बंदुकीपुरती ठेवली नव्हती. सायकलचा पंप, बासरी, हापशाचा पाइप, सगळ्यांची तपासणी होई. एकदा आमच्या घरी शेव पाडायचा सोऱ्या डोळ्याला लावून ते म्हणाले, "वहिनी, मागच्या दिवाळीचं पीठ अजून आत आहे." माझ्या पत्नीने तो सोऱ्या पुन्हा कधी त्यांच्यासमोर काढला नाही.

वसाहतीत त्यांना सगळे आबा म्हणत. मूळचे यावलकडचे, मुलगा तिकडे केळीची बाग पाही. मी शाळेत विज्ञान शिकवी आणि छात्रसेनेची तुकडीही सांभाळी, त्यामुळे आमचे जमले. ऐंशीच्या दशकाचा तो उत्तरार्ध होता.

त्यांचे एक वाक्य आमच्या गल्लीत रूढ झाले होते : "आधी पुढचं लाकूड, मग मागचं." त्याचा अर्थ समजावून घेण्यासारखा आहे. जुन्या लष्करी रायफलीला दोन लाकडे असतात. एक पुढे, नळीखाली. दुसरे मागे, खांद्याला टेकवायचे, म्हणजे दस्ता. दस्त्यातून जाणाऱ्या लांब बोल्टचे टोक पुढच्या लाकडात अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता कोणी मागचा बोल्ट फिरवला, तर पुढचे लाकूड तडकते. "घाईच्या माणसांनी तडकवलेली लाकडं मी जन्मभर बदलली," आबा म्हणत.

हा नियम ते माणसांनाही लावत. शेजारच्या कारकुनाची बदली झाली, तेव्हा बायकोला कसे सांगावे या विवंचनेत तो आबांकडे आला. आबांनी विचारले, "तिचं माहेर कुठलं?" त्याने गाव सांगितले. "मग आधी तिला विचारा, माहेरी जाऊन किती दिवस झाले. बदलीचं नंतर."

आमच्या शाळेत काचेच्या कपाटात एक रायफल होती. नळीला भोक पाडून निकामी केलेली, प्रदर्शनापुरती. ती शाळेला मिळाली त्या समारंभात कोणा पाहुण्याने "ही ब्रह्मदेशच्या लढाईत होती" असे सांगून टाकले. पिंपळनेरच्या एका आक्कांचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धातल्या त्याच लढाईत मारला गेला होता. त्याचे काहीही घरी परत आले नव्हते. ऐकीव गोष्टी एकमेकींना चिकटल्या आणि रायफल त्यांच्या भावाची ठरली. दर खंडेनवमीला आक्का एस.टी.ने धुळ्याला येत, रायफलीला हळदकुंकू लावत, झेंडूची फुले वाहत आणि दस्त्यावरून हात फिरवून परतत.

शाळेच्या वर्धापनदिनापूर्वी मुख्याध्यापकांनी कपाटावर पाटी लावायचे ठरवले : "हुतात्म्याची रायफल". पेंटरही आला. दिवस नेमका खंडेनवमीचा. रायफल स्वच्छ करण्यासाठी मी आबांना बोलावले होते.

त्यांनी नेहमीप्रमाणे नख धरून नळीत पाहिले. मग चिंधीने दस्त्याजवळचे लोखंडी कडे पुसले आणि ते थांबले. मी वाकून पाहिले. कड्यावर ठोकलेले वर्ष महायुद्ध संपल्यानंतरचे होते.

मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "आबा, तुम्ही फक्त हो म्हणा. म्हातारीला बरं वाटेल."

"सर, मी हो म्हटल्यानं वर्ष बदलत नाही."

"मग तिला काय सांगणार? तिच्याकडे भावाचं दुसरं आहे काय?"

आबांनी पिशवीतून हातभर लांब पेचकस काढला. पुढचे लाकूड उतरवले, मग दस्त्यात पेचकस घालून बोल्ट सोडवला. दस्त्याचे लोखंडात दडलेले टोक उजेडात धरले. त्या लाकडावर ठशाने उमटलेले वर्ष होते. ते युद्धकाळातले होते. एका रायफलीचे लाकूड दुसरीला बसवण्याची रीत शस्त्रशाळेत सर्रास असते. पण ते कोणाच्या रायफलीचे, हे लाकूड सांगत नव्हते.

तेवढ्यात आक्का आल्या. सुटी केलेली रायफल पाहून दारातच थबकल्या.

"हाई काय करं? मोडी टाकी का?"

"नाही आक्का, जोडून देतो. बसा. भाऊ कसे होते तुमचे?"

आक्का बसल्या, बोलत राहिल्या. भाऊ डावरा होता, पोहण्यात पटाईत होता, जाताना त्यांच्यासाठी बांगड्या आणायचे कबूल करून गेला होता. आबा ऐकत होते. बोलणे संपल्यावर आक्कांनीच विचारले, "खरं सांग भाऊ, हाई मना भाऊनी शे का नही?"

"लोखंड तुमच्या भावाचं नाही, आक्का. ते लढाईनंतरचं. हे लाकूड लढाईच्या वेळचं आहे. ते कोणाच्या खांद्याला होतं, ते मला ठाऊक नाही."

मुख्याध्यापकांनी खिडकीकडे तोंड फिरवले. आक्कांनी तो सुटा दस्ता मांडीवर घेतला. बराच वेळ हात फिरवला.

"कोणी तरी बहीनना भाऊना हात लागेल शे ना याले?"

"हो. ते नक्की."

"मंग चालस माले. त्या बहीनले कुठे ठाव, तिना भाऊनी बंदूक आठे, तुमनी शाळामा शे. तिना वाटानी फुलं मी वाहसू."

आबांनी रायफल जोडली. जोडताना त्यांचा बोल्ट दोनदा निसटला. असे मी कधी पाहिले नव्हते. पाटीवर शेवटी एवढेच आले : "महायुद्धकाळातील दस्ता असलेली रायफल". पेंटर कुरकुरला, "सर, एवढं तर कोणी वाचणार बी नाही."

त्यानंतरही काही वर्षे आक्का येत राहिल्या. फुले आता फक्त लाकडावर वाहत. लोखंडाला नुसते कुंकू. आबा समोर बाकावर बसलेले असत. पुढे गुडघे थकले आणि मुलगा त्यांना यावलला घेऊन गेला. जाताना तो लांब पेचकस ते शाळेच्या कपाटात ठेवून गेले. "केळीच्या बागेत याचं काय काम?" म्हणाले. त्याच पावसाळ्यात ते गेल्याचे कळले.

नवमीला आक्का आल्या. रिकाम्या बाकाकडे पाहून काही विचारणार, तोच मी म्हणालो, "बसा आक्का. एस.टी.त जागा मिळाली का?" मग नातवंडांचे विचारले. पिंपळनेरच्या पावसाचे विचारले.

आक्कांनी दस्त्यावर फुले वाहिली आणि माझ्याकडे वळल्या.

"तो भी असाच बोलना व्हता पहिले," त्या म्हणाल्या. "गया ना तो?"

"हो," मी म्हणालो.

"त्यानं हत्यार कोठे शे?"

मी कपाटातून पेचकस काढून दिला. आक्कांनी तो पदराने पुसला, रायफलीशेजारी ठेवला, मुठीला कुंकू लावले आणि दस्त्यावरचे एक फूल उचलून त्याच्यावर ठेवले.