बोअरचा विसावा

खानदेशातल्या आमच्या गावात विहीर एका टोकाला होती आणि आमचं घर दुसऱ्या. उन्हाळ्यात आईचा नंबर लागेपर्यंत पोहऱ्यात गाळच यायचा. रिकामी घागर घरी ठेवून ती मजुरीला जायची. किती वेळा अंघोळ न करता शाळेत गेले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. घराण्यातली पहिली पदवी त्याच घरातून निघाली.

सरकारी नोकरी लागली, दिल्लीला आले, गाझियाबादमध्ये सर्वांत वरचा फ्लॅट घेतला. चार घरांत मिळून एक बोअर, त्यावर एक मोटर, गच्चीवर प्रत्येकाची वेगळी टाकी. आई राहायला आली तेव्हा आमची टाकी कोरडी. मी खालून बादल्या चढवताना तिनं पाहिलं आणि पिशवी भरायला घेतली.

"पाणी वाहून मान गेली माझी. तुझ्या नळाला पाणी आलं की बोलव."

ते डोक्यातून जाईना. सुटीच्या दिवशी मी गच्चीवर नुसती बघत बसले. तळमजल्यावरचे अंकल उजाडताच मोटर लावायचे. टाकी भरून वाहू लागली तरी बंद करत नसत. मग मधल्या दोन्ही घरांचं तसंच. माझ्या वेळेला मोटर कोरडीच घरघरायची. पण दुपारी सगळे झोपलेले असताना सहज बटण दाबलं, तर पाणी आलं. हे आलं कुठून?

मग गाव आठवलं. तिथे दुपारी विहिरीत कुणी पोहरा टाकत नसे. झरे भरू द्यायचे. विसाव्यानंतरची पहिली घागर सकाळी रिकाम्या गेलेल्या घराची. आमची घागर तेव्हा मीच आणायचे.

शेजाऱ्यांना चहाला बोलावून हे सगळं सांगितलं. अंकल हसले. "बेटा, टॉप फ्लोअर लिया है, हवा तो मिल रही है न?" मलाही हसू आलं. मग मी विचारलं, टाकी वाहते तरी मोटर चालू का ठेवता?

अंकलनी कप खाली ठेवला. "डर लगता है. बंद की, तो क्या पता फिर आए न आए."

भीती सगळ्यांचीच होती. ठरलं: टाकी भरली की मोटर बंद, मध्ये बोअरला विसावा, आणि ज्याची टाकी कोरडी राहिली त्याची पाळी पुढच्या वेळी आधी. पहिल्या मजल्यावरच्या भाभींनी विसाव्यातच गुपचूप मोटर लावली, तेव्हा अंकलच जाऊन बंद करून आले.

पुढच्या उन्हाळ्यात तेवढ्यानंही भागेना. नुसतं काढून कसं चालेल? गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून जमिनीत मुरवायचं ठरलं. बोअरजवळ खड्ड्याला जागा होती ती अंकलच्या गाडीचीच. दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडी गल्लीत लावून आले आणि म्हणाले, चलो, खोदो.

आता चारही टाक्या भरतात आणि एकही वाहत नाही. आई माझ्याकडे राहते.